अण्णा कुणालाच दार उघडत नाहीत

प्रश्न :

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मूळचे कोल्हापूरचे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत काही दिवस काम केलं आणि 1971 साली इंग्लंडला गेले, वुल्व्हरहॅम्प्टनला. तेव्हापासून तिथेच आहेत. आता वय 79. आई दोन वर्षांपूर्वी गेली. माझा जन्म तिथलाच, 1974 चा. पण अकरा वर्षांची असताना अण्णांनी मला कोल्हापूरला आत्याकडे पाठवून दिलं. पुढचं शिक्षण, लग्न, संसार सगळं इकडेच झालं, आता पुण्यात असते. धाकटा भाऊ तिथेच वाढला, लीड्सला असतो. त्याची बायको इंग्लिश आहे, नर्स आहे.

गेल्या हिवाळ्यात अण्णा बाथरूममध्ये घसरले, मनगट मोडलं. हॉस्पिटलमधून घरी सोडताना कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, रोज सकाळी मदतीला एक बाई येईल अशी सोय केली. अण्णांनी तिला दारातूनच परत पाठवलं. दुसरी आली, तिलाही. म्हणाले, "ह्या बायका घर बघून जातात." डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या तर नव्या गोळ्या घेत नाहीत. भावजय सुटीच्या दिवशी दोन-अडीच तास गाडी चालवून भाजी, दूध, औषधं घेऊन जाते. अण्णा पिशव्या दारात घेतात, तिला आत ये म्हणत नाहीत. ते भावाच्या लग्नालाही गेले नव्हते. घराचे कागद, बँक हे कुणीतरी बघायला हवं असं भाऊ बोलला, तर म्हणाले, "तुझ्या बायकोने पढवलंय का?" तेव्हापासून भावाने फोन करणं सोडलंय.

ताई, हे आजचं नाही. लहानपणी आमच्या दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीवर अण्णांनी आतून पत्रा ठोकला होता. आमची पत्रं पोस्टमन कोपऱ्यावरच्या सरदारजींच्या दुकानात द्यायचा. झोपण्याआधी पाण्याची बादली भरून पॅसेजमध्ये दाराशी ठेवायची, हे माझं काम. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही. शाळेतलं काही घरी बोलले की अण्णांचा पहिला प्रश्न असायचा, "तू कुणाला काय सांगितलंस?" 1985 मध्ये शाळेतून येताना पोरांनी 'पाकी' म्हणत दगड मारला, भुवईला टाके पडले. अण्णा शाळेत जाऊन आले, तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. ऑक्टोबरात मी विमानात होते. मला कुणी विचारलं नाही. विमानतळावर आई रडत होती आणि अण्णा माझ्या पासपोर्टची पानं पुन्हा पुन्हा तपासत होते.

आता दोन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहे. भाऊ म्हणतो, हे म्हातारपणाचं वेड आहे, डॉक्टरला दाखव. मैत्रीण म्हणते, त्यांनी खूप सोसलंय, समजून घे. मला दोन्ही पटत नाही. लांब असले की त्यांची काळजी वाटते आणि समोर बसले की राग येतो. काय करू?

— अण्णांची लेक, पुणे

उत्तर :

अण्णांच्या मनात नेमकं काय आहे, ते इथे बसून सांगता येणार नाही. पण ते ज्या गावात उतरले ते गाव आणि तो काळ मला माहीत आहे. बर्मिंगहॅमच्या एका सल्ला केंद्रात मी पुष्कळ वर्षं अशाच वयाच्या माणसांबरोबर काम केलं. पंजाबी, गुजराती, बंगाली, जमैकन, थोडे मराठीही होते. म्हणून आधी त्या काळाबद्दल लिहिते. त्याशिवाय तो पत्रा आणि ती बादली कळायची नाही.

अण्णा आले तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका मतदारसंघाचे खासदार इनॉक पॉवेल होते. बाहेरून आलेल्या लोकांविरुद्धचं त्यांचं ते कुप्रसिद्ध भाषण 20 एप्रिल 1968 चं, बर्मिंगहॅममधलं. पक्षाने त्यांना शॅडो कॅबिनेटमधून, म्हणजे विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून, काढलं, पण त्यांच्या बाजूने लंडनचे गोदी कामगार मोर्चा घेऊन संसदेवर गेले. हे कामगार होते, हे महत्त्वाचं. अण्णांना ज्यांच्या शेजारी उभं राहून काम करायचं होतं, त्यांच्यासारखेच. त्या पट्ट्यातल्या फौंड्र्यांमध्ये आशियाई माणसाच्या वाट्याला बहुतेक रात्रपाळी, भट्टी आणि फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासणं, यायचं. हातात डिप्लोमा असला तरी. ओव्हरटाइम मिळावा म्हणून फोरमनच्या घरी बाटली पोचवावी लागायची, असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. 1974 साली लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्यांना साथ दिली नाही. तक्रार करायची तर कुणाकडे? 1968 च्या कायद्याने नोकरीतला आणि घर देण्यातला वर्णभेद बेकायदा ठरवला खरा, पण माणसाला स्वतः कोर्टात जाता येत नव्हतं, रेस रिलेशन्स बोर्ड या सरकारी मंडळाकडे अर्ज करून वाट बघावी लागे. थेट दाद मागण्याची सोय 1976 च्या कायद्याने झाली. आणि पोलिसांचं सगळं कामकाज या कायद्याच्या कक्षेत यायला 2000 साल उजाडावं लागलं. अण्णा तेव्हा चोपन्न वर्षांचे असतील. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अशा देशात काढली, जिथे पोलिसाने रंग बघून रस्त्यात अडवलं, पकडलं तरी या कायद्याखाली त्याला जाब विचारता येत नव्हता.

आता बादलीबद्दल. जुलै 1981 मध्ये लंडनच्या वॉल्थमस्टो भागात रात्री एका आशियाई कुटुंबाचं घर पेटवून दिलं गेलं. आई आणि तीन मुलं त्यात गेली. तशा बातम्या त्या वर्षांत येतच होत्या. लेटरबॉक्समधून जळता बोळा टाकायचा, पेट्रोल ओतायचं, काही नाही तर कुत्र्याची घाण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश गृहखात्याचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की गोऱ्या माणसाच्या तुलनेत आशियाई माणसावर वांशिक हल्ला होण्याची शक्यता पन्नासपट आहे. हा आकडा सरकारने छापलेला आहे. तुम्ही सात वर्षांच्या होतात. तुमच्या हातून भरलेली बादली दाराशी ठेवून घेणारा बाप भ्रमिष्ट नव्हता, वर्तमानपत्र वाचत होता.

आणखी एक गोष्ट, तुमच्या पत्रात नसलेली. तुम्ही 1985 च्या ऑक्टोबरात विमानात बसलात. त्याच्या आदल्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये दंगल झाली आणि दोघे आशियाई भाऊ स्वतःच्या पोस्ट ऑफिसात आगीत मेले. हँड्सवर्थ तुमच्या घरापासून काही फार लांब नाही. तुमच्या भुवईचे टाके, शाळेत झालेलं ते बोलणं आणि ही आग, हे सगळं त्यांच्या डोक्यात एकत्र आलं असेल का, हे त्यांनाच विचारावं लागेल. मला तारखा बघून तसं वाटलं, एवढंच.

कागदांबद्दलही भावाला सांगा. अण्णांकडे जुन्या पगाराच्या पावत्यांची एखादी बॅग असणार, मी न बघताच सांगते. त्या पिढीतल्या बहुतेकांकडे असते. मुलं हसतात. 2018 साली विंडरश प्रकरण उघडकीला आलं तेव्हा कळलं की 1973 च्या आधी कायदेशीरपणे आलेल्या माणसांकडे सरकार राहिल्याचा वर्षावर्षाचा पुरावा मागत होतं. तो नाही म्हणून काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींचे उपचार थांबले, काहींना देशाबाहेर काढलं. 1950-60 च्या दशकांत आलेल्यांची लँडिंग कार्डं तर गृहखात्याने स्वतःच 2010 साली नष्ट करून टाकली होती. ज्यांनी पावत्या जपल्या होत्या त्यांच्या हाती निदान दाखवायला काहीतरी होतं. आणि ऑगस्ट 2024 मध्ये साउथपोर्टमधल्या लहान मुलींच्या खुनानंतर अफवा पसरल्या, मशिदींवर दगड पडले, रॉदरहॅम आणि टॅमवर्थमध्ये परदेशातून आश्रय मागायला आलेल्यांना ठेवलेली हॉटेलं पेटवायचा प्रयत्न झाला. टॅमवर्थ अण्णांच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. त्या आठवड्यात त्यांना झोप लागली का, हे कुणी विचारलं होतं?

म्हणून 'म्हातारपणाचं वेड' हे मला मान्य नाही. तरीही भावाचं एक म्हणणं मी धरून ठेवीन. आयुष्यभराचा सावधपणा वेगळा आणि गेल्या काही महिन्यांत एकदम वाढलेला संशय वेगळा. तिकडे गेलात की आधी बघा, नवीन काय आहे. वस्तू चोरीला गेल्या म्हणतात का, दिवस-वेळ चुकते का, रात्री बडबडतात का. कान तपासून घ्या, हे मी आवर्जून सांगते. ज्याला अर्धवट ऐकू येतं त्याला आपल्याविषयीच कुजबुज चाललीय असं वाटू लागतं. लघवीच्या संसर्गानेही या वयात माणूस एकाएकी भलतंच बोलू लागतो आणि औषधाने ताळ्यावर येतो. स्मरणशक्तीची तपासणीही करून घ्या. या भेटींना दुभाषा मागण्याचा हक्क आहे. अण्णांना इंग्लिश उत्तम येत असेल तरी तुम्ही सोबत बसा आणि गोळ्या का बदलल्या ते डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर, त्यांना उद्देशून सांगायला लावा. मुलीशी बोलून मोकळे होणारे डॉक्टर अशा माणसाचा उरलासुरला विश्वासही घालवतात.

मैत्रिणीचं 'समजून घे' मला अर्धंच पटतं. अमेरिकेत डायेन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली यावर बरंच संशोधन एकत्र करून मांडलं. वर्णभेद सोसलेले आईबाप मुलांना काय शिकवतात, याचे त्यांनी प्रकार पाडले. त्यातले दोन इथे महत्त्वाचे. एकात मुलाला सांगितलं जातं की असं घडू शकतं, घडलं तर असं वागायचं, दोष तुझा नाही. दुसऱ्यात फक्त एवढंच, की ती माणसं आपली नाहीत, त्यांच्यापासून लांब राहा. पहिल्यात मुलाच्या हाती काहीतरी लागतं, दुसऱ्यात नुसती भीती उरते. अण्णांनी तुमच्या हाती बादली दिली आणि कारण दिलं नाही. 'तू कुणाला काय सांगितलंस' याचा अर्थ त्यांच्यापुरता 'तुला कुणी त्रास देईल का' असा असेल, पण सात-आठ वर्षांच्या मुलीला ऐकू आलं ते 'चूक तुझीच' असं. मग कुणालाही न विचारता तुम्हाला एका देशातून उचलून दुसऱ्या देशात ठेवलं. त्यांचं कारण खरं होतं आणि तुमच्यावर अन्यायही झाला. तुमचा राग रास्त आहे. अण्णांनी सोसलं म्हणून तुम्ही तो गिळायला हवा, असं मी म्हणणार नाही.

आणि भावजय. तिच्या बाबतीत मी ठाम आहे. तिने या माणसाचं काहीही वाकडं केलेलं नाही. दर खेपेला पिशव्या घेऊन येते आणि उंबऱ्यावरून परत जाते. फौंड्रीतल्या फोरमनचा, शाळेतल्या त्या पोरांचा हिशेब तिच्याकडून वसूल होतोय. पॉवेलनी हजारो माणसांना एका रंगात मोजलं, आणि अण्णा तिला तसंच मोजतायत. हे त्यांना कुणीतरी म्हणायला हवं. भावाने म्हटलं तर 'बायकोने पढवलं' होतं, म्हणून ते तुम्हालाच म्हणावं लागेल. भांडणात नको. एखाद्या सकाळी, चहा झाल्यावर, साध्या आवाजात : "अण्णा, ती इतके दिवस येतेय, तिने आजवर काय केलं ते मला सांगा." उत्तर आलं नाही तरी प्रश्न राहू द्या.

मदतीच्या बाईचं मात्र जमू शकतं. माझ्याकडे एक निवृत्त पंजाबी फौंड्री कामगार होते. नर्स आली की साखळी लावून दाराच्या फटीतून बोलायचे. आम्ही त्यांना एक जाड रजिस्टर आणून दिलं. येणाऱ्याने दाराबाहेर उभं राहून ओळखपत्र दाखवायचं, बाबाजींनी चष्मा लावून नाव आणि नंबर उतरवून घ्यायचा, वेळ टाकायची, जाताना पुन्हा वेळ टाकून सही घ्यायची. पहिले काही दिवस नर्सची दहा मिनिटं दारातच जायची. तिने कुरकुर केली, मी तिच्या वरिष्ठांना फोन केला. महिन्याभरात ते नर्सला सही केल्यावर पेन परत ठेवण्यावरून दटावू लागले, म्हणजे आत घेऊ लागले. फौंड्रीत जन्मभर यांची हजेरी दुसऱ्याने मांडली. इथे पहिल्यांदा ते दुसऱ्याची मांडत होते. अण्णांनाही त्यांच्या घरात कोण येणार, कधी, कशासाठी, हे ठरवू द्या. 2014 च्या केअर ॲक्टप्रमाणे कौन्सिलकडून गरजांची पाहणी मोफत होते. त्यांनी मदत मंजूर केली तर बाई पाठवण्याऐवजी 'डायरेक्ट पेमेंट' म्हणून पैसे मागता येतात आणि आपल्या पसंतीचं माणूस ठेवता येतं. ते सरदारजी किंवा त्यांच्या घरचं कुणी अजून त्या गल्लीत आहे का? तिथून सुरुवात करा. अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे रोजच्या कामात मदत लागणाऱ्या वृद्धांच्या सरकारी भत्त्याचा, अर्जही भरा, तो उत्पन्न बघून देत नाहीत.

घर-बँकेसाठी लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार बघायला माणसं नेमण्याचा दस्त, करावी, आणि ती माणूस शुद्धीत, समजून-उमजून करू शकतो तेव्हाच होते. म्हणून लांबणीवर टाकू नका. पण कागद तुम्ही भरून पुढे ठेवलात तर ते फेकून देतील, आणि तसे फेकले तर मी त्यांनाच बरोबर म्हणेन. हा कायदा संशयी माणसाच्या सोयीचा आहे, तो त्यांना नीट वाचू द्या. दोन माणसांची नावं घालून 'दोघांनी मिळूनच सही करायची' अशी अट टाकता येते. तुम्ही आणि भाऊ, एकाला दुसऱ्याशिवाय काही करता येणार नाही. एक तटस्थ माणूस त्यांच्याशी बोलून, शक्यतो एकांतात, कुणाची जबरदस्ती नाही ना याची खात्री करतो. समज शाबूत आहे तोवर त्यांना ती रद्दही करता येते.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नासाठी त्या कागदांच्या बॅगेपाशी बसा. 'मला का पाठवलंत' हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारू नका. 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं' असंही नको, या पिढीचे पुरुष त्या प्रश्नावर मिटून जातात. वस्तूचं विचारा. ही पावती कुठल्या खात्यातली? रात्रपाळी सुटली की कुठल्या रस्त्याने घरी यायचात? तो रस्ता कधी बदललात, का? पत्रा कुठून आणला, फौंड्रीतूनच का? माझा अनुभव असा की माणूस रस्ता सांगता सांगता मारहाणीपर्यंत पोचतो आणि आपण मध्ये बोललो नाही तर पुढेही जातो. लिहून घ्या, तारखांसकट. मग एखाद्या दिवशी शाळेचं विचारा, तिथे हेडमास्तर काय म्हणाले ते. ते तुमच्या कामाचं आहे, तुम्हाला ते अजून माहीतच नाही. आणि तेव्हा, त्यांचं सांगून झाल्यावर, तुमचंही सांगा. कोल्हापूरला पहिल्या वर्षी काय झालं, आत्याकडे रात्री काय वाटायचं, घरच्या पत्राची वाट बघताना काय वाटायचं. त्यांना त्रास होईल म्हणून गाळू नका. ते ऐकू शकतात. ज्या माणसाने तेवढं सोसलं त्याला लेकीचं बोलणं सोसवणार नाही, असं का धरायचं?

आणि निघण्याआधी भावजयीला एक फोन करा, भावाला मध्ये न घेता. तिच्याशी या सगळ्यावर कुणी बोललंय असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. अण्णा तिला दारात का उभं करतात, हे तिला तिच्या सासरच्या कुणीतरी सांगायला हवं, वॉल्थमस्टोपासून तुमच्या भुवईपर्यंत. त्यानंतर विचारा की तिला आत यायचंय का. ती नाही म्हणाली, पिशव्या आता भावाने न्याव्यात म्हणाली, तर तेही योग्यच आहे, आणि तसं तिला मोकळेपणाने सांगा.